बॅकअपचे तीन कोंबडे

"युगांडात दोनच गोष्टी कधी हलत नाहीत," माझे यजमान मुत्याबा सांगतात, "विषुववृत्त आणि माझा तर्क."

मसाका शहरात ते शिवणयंत्रं दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात गुप्तहेर असतात. मी सहायक. बाळ पाठीला बांधलेलं असतं, म्हणजे माझे दोन्ही हात रिकामेच, हाही त्यांचाच तर्क.

धाकट्या दिराची, काग्वाची, मागणी घेऊन आम्ही नान्तोंगोच्या दारात उतरलो. केळ्यांचे घड, साखर, कापडं, सगळं आलं. कोंबडा तेवढा नव्हता. आणि मुलीच्या भावाच्या हाती कोंबडा पडल्याशिवाय आमच्यात मुलगी देत नाहीत. काग्वा आपल्या पायघोळ पांढऱ्या झग्याची, कांझूची, बाही चावू लागला.

"चोरी!" यजमानांनी गाडीच्या सीटखालून एक पीस उचललं. "चोर उंच आहे."

"अहो, ते गाडी झटकायच्या झाडणीचं आहे."

"मग ड्रायव्हर! बघ, तोंड हलतंय."

"शेंगदाणे, साहेब. घ्या ना."

पुरावा म्हणून त्यांनी मूठभर घेतले. "मग नक्कीच नान्तोंगोचा कुणी जुना आशिक—"

"दादा, हळू!" काग्वा रडवेला झाला. "तिचे वडील फाटकात उभे आहेत."

शेवटी आमच्यासोबत आलेल्या यजमानांच्या आत्याबाईंनी विचारलं, "पण मुत्याबा, कोंबडा आणणार कोण होतं?"

"तुम्हीच की!"

"माझा बॅकअप होता. तूच म्हणालास. जे लागत नाही ते बॅकअप, म्हणून परसातच ठेवून आले."

काकांचाही बॅकअप होता. तो खुराड्यात. शेजारीणबाईंचाही तसाच, घरी, मजेत.

"तीन-तीन बॅकअप!" यजमानांची छाती फुगली. "अशी चोख व्यवस्था कुणी—"

"आणि खरा?" मी विचारलं.

यजमानांनी पुराव्यातले उरलेले शेंगदाणे तोंडात टाकले.

"एवढे बॅकअप असताना," ते पुटपुटले, "खऱ्याची गरज वाटली नाही."

बाळाला पाणी मागायला म्हणून मी मागच्या दारी गेले. नान्तोंगोच्या आत्याने माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि दाणे टिपणारा एक जाडजूड कोंबडा माझ्या काखेत कोंबला.

"घे गं. मुलाकडचे विसरतातच. थोरल्या दोघींच्या वेळीही हाच दिला होता."

कोंबडा भावाच्या हाती पडला. बायकांनी आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. काग्वाने बाही सोडली. कोंबड्याने भावाच्या कुशीत मान खुपसली आणि डोळे मिटून घेतले.

यजमान माझ्या कानाशी वाकले.

"पाहिलंस? पहिल्याच भेटीत इतकी सलगी! या दोघांचं आधीपासून काहीतरी शिजतंय."