गद्रेकाकांचे दोन्ही पाय

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं, आणि ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने लिहिते. ही वही मुलीची आहे, अर्धी कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही. पण कुणी उघडलीच तर गद्रेकाका कोण ते कळावं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

गद्रेकाका हौशी नाटक मंडळात ऑर्गन वाजवायचे. ऑर्गन म्हणजे पायाने हवा भरून वाजवायची मोठी पेटी. तालमीची वेळ संध्याकाळी सात ते नऊ. नऊ वाजले की काका दोन्ही पाय वर उचलायचे. समोर नाटकात गाणाऱ्या वैशालीताईंची तान कुठेही असो. सूर हवा गेलेल्या फुग्यासारखा बसायचा आणि वैशालीताई उघड्या तोंडाने काकांकडे बघत राहायच्या. काका पाय अधांतरी धरून म्हणायचे, "वेळ झाली. फुकट फक्त हवा. तीसुद्धा पेटीत मीच भरतो."

हे वाक्य ते दिवसातून तीनदा म्हणायचे. कुणी पेटीवर चहाचा कप ठेवला तरी हेच.

मी त्या मंडळात चहा करायची. तालमीचे दीडशे मिळायचे. काकांचे माझ्यावर सहा हजार होते. घराचे पत्रे बदलायला घेतले होते, दरमहा तीनशे फेडत होते. मागायला गेले तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त विचारलं, "तालमीला चहा चुकणार नाही ना?"

नाटकाला तिकीट लावायचं ठरलं आणि काकांनी वाजवायचे पैसे मागितले. मंडळाचे प्रमुख सबनीससर. ते शाळेतून निवृत्त, नाटकात राजा.

"अहो गद्रे, आपण सगळे हौसेने करतो," सर म्हणाले. "मी स्वतः पाचशे रुपये वर्गणी भरतो."

"तुम्ही भराल. तुम्हाला राजा व्हायचंय. मी कोपऱ्यात बसतो. लोकांना माझं टक्कल दिसतं."

"कलेला मोल नसतं हो."

"मग तिकिटाला का आहे?"

वैशालीताई लांब खराडीला कॉम्प्युटरवर काम करतात. त्या म्हणाल्या, "काका, प्लीज! हे फन म्हणून आहे ना? तुम्हाला पेन्शन आहे, काय कमी आहे?"

"तुम्हालाही पगार आहे. उद्या ऑफिसात फन म्हणून फुकट जा." मग काकांनी माझ्याकडे बोट केलं. "इंदूबाईंना चहाचे पैसे देता ना? मग सुराने काय पाप केलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गाळलेला चहा परत गाळायला घेतला. सरांचं बोलणं ऐकलं की सर बरोबर वाटायचे, काकांचं ऐकलं की काका. घरी जाताना वाटलं, आपणच चहाचे पैसे सोडून द्यावेत, म्हणजे भांडण मिटेल. दुसऱ्या दिवशी काकांना तसं म्हटलं तर ते एवढे भडकले!

"खबरदार! तुम्ही फुकट केलंत की मला कोण देणार?"

म्हणजे माझ्या चहावर त्यांचा ऑर्गन उभा होता. मला काही कळेना.

शेवटी मंडळाने काकांना नको म्हटलं आणि वैशालीताईंनी मोबाईलवर संगीत आणलं. मोबाईल कुणासाठी थांबत नाही. त्याचं पद संपायचं तेव्हा ताई दुसऱ्या ओळीवर असायच्या.

पुढे नाटक झालं, तालमी संपल्या. मी मात्र महिन्याच्या पहिल्या गुरुवारी हप्ता द्यायला काकांकडे जायची. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. घरात दुसरं माणूस नाही. एकदा जिन्यात असतानाच विचित्र आवाज आला. काका घरच्या ऑर्गनवर बसून पाय मारत होते, हात मांडीवर. नुसती हवा आत-बाहेर होत होती.

"काका, वाजवत का नाही?"

"मी साथ करतो. पुढे कोण गातंय?"

त्यांचा कप विसळताना मी सवयीने गुणगुणायला लागले. तालमीत ऐकून ऐकून सात पदं पाठ झाली होती. एकदम बाहेरच्या खोलीतून सूर आला, माझ्याच आवाजाखाली. मी थांबले. सूरही थांबला.

"थांबलात का?"

"असंच आपलं... लाज वाटली."

"एका पदाचे तीनशे. कर्जातून वजा."

"काका, असल्या गाण्याचे कुणी पैसे देतं का?"

"द्यावेत, हेच मी सांगत होतो. तेव्हा कुणी ऐकलं नाही."

"मग तुम्ही वाजवता त्याचे?"

इथे मात्र काका गोंधळले. बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "माझे शंभर, तुम्ही द्यायचे. म्हणजे दोनशे वजा." चोवीसशे उरले होते. बारा पदं. मी म्हटलं, मला सातच येतात. तर म्हणे, "उरलेली वन्स मोअर धरू. वन्स मोअरला पूर्ण दर."

म्हणून मी दर गुरुवारी दुपारी जायला लागले. मी स्वयंपाकघरात, दाराआड. काका बाहेर. एका पदात उंच सुराच्या आधी मी थांबले.

"काय झालं?"

"इथे पाणी पितात ना?"

वैशालीताई खराडीहून धावत यायच्या. प्रत्येक तालमीत त्या जागी थांबून बाटलीतलं पाणी प्यायच्या. मला वाटलं, पद तसंच आहे. डोकावून बघितलं तर काका चष्मा काढून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. चूक सुधारतील असं वाटलं होतं, पण पुढच्या वेळी मी थांबले तेव्हा त्यांनी दोन घोट होतील इतका वेळ एकच सूर धरून ठेवला.

बारावं पद झालं. काका म्हणाले, "फिटले." ऑर्गनचं झाकण लावलं. मग म्हणाले, "पत्रे गळत नाहीत ना?"

"नाही काका. चांगले बसलेत."

"दार? खिडकी?"

"आहेत की."

"मुलीला काही लागत असेल. माझ्याकडे पैसे पडून आहेत."

मी नको म्हटलं, चप्पल घातली आणि जिना उतरले. अर्ध्या जिन्यात वरून तोच आवाज आला. नुसती हवा. मी कठड्याला धरून उभी राहिले. मग परत वर गेले.

"काका, दोन हजार लागत होते."

"कशाला?"

"ते अजून ठरलं नाही."

त्यांनी पुढे एका शब्दाने विचारलं नाही. झटकन उठून नोटा आणल्या. "म्हणजे दहा पदं," म्हणाले.

त्या नोटा मी तांदळाच्या डब्यात ठेवल्या. रोज झाकण उघडलं की दिसायच्या आणि आपण काहीतरी खोटं केलं असं वाटायचं. ज्याची गरज नाही ते कर्ज कसलं? पुढच्याच गुरुवारी, म्हणजे परवा, जशाच्या तशा नेल्या आणि ऑर्गनवर ठेवल्या.

"लागले नाहीत?"

"नाही."

काकांनी मोजल्या. पूर्ण होत्या. एका नोटेला चिकटलेला तांदळाचा दाणा नखाने काढला.

"मग फिटलं सगळं," ते म्हणाले.

"हो."

ते खिडकीकडे बघत बसले. मी चप्पल घालायला गेले नाही. आत जाऊन दाराआड उभी राहिले आणि म्हटलं, "गाऊ का?"

"आता कशातून वजा करू?"

"कशातूनच नको."

"अहो इंदूबाई, फुकट फक्त..." ते म्हणाले आणि पुढचं बोललेच नाहीत. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग पायांचा.