टिकेल तो टिक

बॅग विकत घेण्याआधी तिच्यात पाण्याने काठोकाठ भरलेला डबा ठेवून दुकानभर धावणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, तर त्याच्या मागून "काका, पुरे आता" म्हणत धावलेही आहे. ते आमचे डॅनियल काका. इस्रायलमधल्या लोद गावात आमच्या समोरच्या बिऱ्हाडात ते आणि मलका काकी राहायचे.

काका मुंबईला चांगले कारकून होते. इस्रायलमध्ये आल्यावर मात्र सरकारने त्यांना संत्र्यांच्या बागेत कामाला लावलं. काही वर्षं संत्री तोडल्यावर तेल अवीवच्या एका कंपनीत कारकुनाची जागा निघाली. मी तिथेच टायपिस्ट होते. काका पुन्हा इस्त्रीची पँट घालून माझ्याबरोबर बसने ऑफिसला यायला लागले. नेमकी त्याच सुमारास मलका काकी हैफाला बहिणीकडे गेली. "हवापालटाला," काका म्हणाले. एकट्या पुरुषाच्या डोक्यात काहीतरी खूळ शिरणारच, असं माझी आई म्हणाली. शिरलं ते बॅगेचं.

त्यांचं एक जुनं खूळ आधीच होतं. हिब्रू म्हणजे आपली मराठीच, फक्त उलटीकडून लिहिलेली, अशी त्यांची ठाम समजूत. आमच्या वसाहतीला इथे शिकून म्हणतात. "बघ, शिकूनसवरून इथंच राहायचं हे आधीच लिहून ठेवलेलं," काका म्हणायचे. बॅगेला टिक म्हणतात हे कळल्यावर तर त्यांना आकाश ठेंगणं झालं. "बघ गो रूथ, टिकेल तो टिक. टिकणार नाही ती नुसती पिशवी." हे वाक्य त्यांनी मला, आईला, बसच्या ड्रायव्हरला आणि मराठीचं अक्षर न कळणाऱ्या रुमानियन भाजीवाल्यालाही ऐकवलं. भाजीवाल्याने मान डोलावली आणि कोबी तोलला.

त्या दिवसांत आम्ही भारतातून आलेले लोक पक्के यहुदी की कच्चे, यावर मोठमोठे रब्बी वाद घालत होते. आमच्या शिकूनमधले पुरुष संध्याकाळी जिन्यात उभे राहून तावातावाने तेच बोलायचे. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि मध्येच विचारायचे, "ते ठरेल तेव्हा ठरेल. पण मला सांगा, खांद्याला लावायची बरी की हातात धरायची?"

मग त्यांनी लोकांच्या बॅगा मागून आणायला सुरुवात केली. माझ्या भावाची लष्करातली खांद्याची बॅग एक दिवस नेली आणि "हेलकावे खाते, बॅलन्स नाही" म्हणून परत केली. शेजारच्या निवृत्त डॉक्टरांची काळी बॅग नेली, तर बसमध्ये एका मोरोक्कन आजीने त्यांच्यासमोर गुडघा उघडा केला. काकांनी तो दाबून पाहिला, गरम पाण्याने शेकायला सांगितलं आणि पुढच्या थांब्यावर घाईघाईने उतरले. मी तोंडात रुमाल कोंबून खिडकीबाहेर बघत बसले होते.

शेवटी मला दुभाषी म्हणून घेऊन ते बाजारात गेले. दुकानदार हंगेरीचा, फार सभ्य माणूस. काकांनी एक बॅग निवडली आणि "माइम" म्हणाले, म्हणजे पाणी. त्याने बिचाऱ्याने तहान लागली असेल म्हणून पाण्यात सरबत घालून पेला दिला. काकांनी खिशातून डबा काढला, सरबत त्यात ओतलं, डबा बॅगेत ठेवला आणि सुटले. गल्ल्याला वळसा, आरशाला वळसा, बस धरायला धावतात तशी एक उडी, मग खुर्चीत बसकण. डबा उघडून बघितला. "सांडलं," ते दुःखाने म्हणाले. दुसरी बॅग घेतली. दुकानदाराने मला हळूच विचारलं, "तुझ्या काकांना घरी कोण सांभाळतं?"

"पण काका," मी वैतागून म्हटलं, "तुम्ही दुपारी पाव आणि उकडलेलं अंडं खाता. त्यात सांडायचंय काय?"

"बॅलन्स गो बॅलन्स. ऑफिसला जाणाऱ्याने बॅलन्स सोडू नये."

दुकानदाराने सुटका करून घ्यायला एक जाळीची टोपली पुढे केली. इथे बायका बाजाराला नेतात ती. तिला सल म्हणतात. काकांचा चेहरा एकदम उतरला. "सल नको," ते म्हणाले आणि हात मागे घेतला. त्यानंतर मात्र एक तपकिरी बॅग सापडली, रुंद आणि सपाट बुडाची, हातात धरायची. तिच्यात घालून डबा नाचवला तरी थेंब सांडला नाही. काकांनी दुकानदाराला मिठीच मारली.

ऑफिसात त्या बॅगेची ख्याती आठवड्याच्या आत झाली. आमचा मॅनेजर पोलंडचा, कायम घाईत. तो खोलीतून ओरडला, "डॅनियल, टिक आण!" हिब्रूत फाइललाही टिकच म्हणतात, हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना आपली बॅग बघायचीय या आनंदात काकांनी ती फडक्याने पुसली आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मॅनेजरने कागदांसाठी आत हात घातला. एक उकडलेलं अंडं निघालं, मग टॉवेलात गुंडाळलेला डबा. झाकण उघडलं आणि माशाच्या आंबट कालवणाचा वास ऑफिसभर सुटला. तेव्हापासून त्याला फाइल हवी असली की तो सावधपणे "कागदांचा टिक" मागायचा.

"काका, कालवण कुणासाठी?" मी नंतर विचारलं.

"वजनाला ठेवलंय," काका म्हणाले.

संध्याकाळी परतताना ते नेहमी लोदच्या अलीकडे उतरायचे. पाय मोकळे करतो म्हणायचे. मला वाटायचं, संत्र्यांच्या बागेची सवय झाली असेल.

मग एका सकाळी काका तापाने फणफणलेले आमच्या दारात उभे. गळ्याला मफलर, दोन्ही हातांत बॅग.

"रूथ, आज टिक तू ने."

"ऑफिसात?"

"नाही गो. बेत-खोलीममध्ये, हॉस्पिटलात. मी उतरतो ना, तिथल्या. मलकाकडे."

"काकी तर हैफाला आहे."

"कुठली हैफा," काका म्हणाले. "सरळ धर, बाकी काही नको."

त्या संध्याकाळी बसमध्ये मी बॅग मांडीवर धरून बसले. वळणावर बस एका बाजूला कलली की मी दुसऱ्या बाजूला कलत होते. काका दुकानात का धावत होते ते मला तेव्हा कळलं.

काकी फार वाळली होती, पण मला बघून हसली. "शिकूनमध्ये सांगू नको हो. बायका येतील नि मी आत्ताच मेल्यासारखी तोंडं करून बसतील." तिने झाकण उघडून आधी डबा भरलेला आहे का ते पाहिलं. "इथलं मला काही जात नाही, म्हणून हे रोज आणतात. पहिल्या खेपेला सलमधून आणलं, सगळं बसमध्ये सांडलं. रिकामा डबा घेऊन दारात उभे राहिले नि रडले गो. मी म्हटलं, अहो, तिच्या नावातच सल आहे, ती सलणारच. पण हसले नाहीत."

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"डॉक्टर हिब्रूत बोलतात. हे मला त्याचं मराठी करून सांगतात. त्या मराठीत मी रोज बरी होत्ये."

तिने दोन चमचे खाल्ले, डोळे मिटून, चवीने. मग म्हणाली, "मीठ जास्त झालंय. त्यांना बोलू नको."

मी डबा धुऊन बॅगेत ठेवला.

परत आले तेव्हा काका पांघरूण घेऊन जिन्यातच बसले होते. "सांडलं?" त्यांनी विचारलं.

"थेंबसुद्धा नाही. आणि काकी म्हणाली, मीठ अगदी बरोबर."

काका हसले. बॅग मांडीवर घेऊन त्यांनी तिचे बंद, शिवण, कोपरे चाचपून पाहिले.

"टिकेल ना गो, रूथ?"

त्यांची नजर बॅगेवरच होती. मीही बॅगेकडेच बघितलं.

"टिकेल, काका," मी म्हटलं.