तीन सेंटिमीटरची गार

एकोणीस जुलैला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातल्या ओबरलाख गावावर गारपीट झाली, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. वाद झाला तो गारेच्या मापावरून.

हेडविग लाकनर या एकट्या राहणाऱ्या बाई. दहा मिनिटांत त्यांच्या परसातल्या सॅलडची चटणी झाली, डेलियाच्या फुलांचे नुसते दांडे उरले, आणि निजायच्या खोलीवरची सव्वीस कौलं फुटून छपराला भोक पडलं. हेडविगबाई सुपाचं पातेलं डोक्यावर पालथं घालून बाहेर धावल्या. टोमॅटो वाचवायला नव्हे, गारा वेचायला. नुकसानीला पुरावा लागतो आणि हा पुरावा वितळतो, हे ओबरलाखमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फ्रीजरमध्ये जागा करायची म्हणून जर्दाळू भरलेले चाळीस उंडे बाहेर काढले, आणि पुढचे चार दिवस बाईंनी दोन्ही वेळा तेच खाल्ले.

गाव जुनं, जतन केलेलं. तिथल्या छपरांना जतनाचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीच्या गोदामातलीच कौलं चालतात, आणि ती फक्त गारपीटग्रस्तांना मिळतात. नियमानुसार गार म्हणजे किमान तीन सेंटिमीटर. त्याहून लहान असेल तो घट्ट पाऊस, आणि पाऊस झेलणं हे छपराचं कर्तव्यच आहे. पाहणी होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ताडपत्री चालेल, पण कौलाच्या रंगाची. तिचा अर्ज वेगळा.

बाईंनी पलंग स्वयंपाकघरात हलवला आणि भोकाखाली बादली ठेवली.

शेजारचा आलोइस म्हणाला, "अगं, दोन तासांचं काम आहे. माझ्या गोठ्यावरची जुनी कौलं चढवतो की."

"आणि मग साहेब पाहणार काय, तुझं तोंड?"

आलोइस ओशाळला. त्याची स्वतःची खिडकीही फुटकीच होती, पाहणीसाठी राखलेली.

साहेब सप्टेंबरात आले. त्यांना नुसतं साहेब म्हटलेलं चालत नसे, इंजिनियरसाहेब म्हणावं लागे. कॉफी घेऊन त्यांनी निजायच्या खोलीत भोकाची लांबीरुंदी मोजली आणि मग गार मागवली. बाईंनी ती ताटलीतून देवाच्या प्रसादासारखी आणली. साहेबांनी पट्टी लावली. दोन पूर्णांक नऊ दशांश.

"पडली तेव्हा चांगली मोठी होती हो, इंजिनियरसाहेब."

"असेल. पण फ्रीजरमध्ये बर्फ आटतो, बाई. पुराव्याची निगा ही अर्जदाराची जबाबदारी."

एवढ्यात आभाळ गडगडलं आणि भोकातून एक गार थेट बादलीत आदळली. साहेबांनी छत्री उघडली, वाकून तिलाही पट्टी लावली. साडेचार सेंटिमीटर. दोन महिने स्वयंपाकघरात झोपलेल्या बाईंचे डोळे आनंदानं भरून आले. त्या म्हणाल्या, "आता तरी लिहा."

साहेबांनी कागद छत्रीखाली घेतला आणि अतिशय सौजन्यानं समजावलं, "ही भोकातून आत आली. म्हणजे भोक आधीपासून होतं. जे आधीच होतं, ते हिनं कसं पाडलं असेल?"

बाई वर बघत राहिल्या. पाऊस तोंडावर पडत होता. त्यांना रडू आलं, आणि त्याहून वाईट म्हणजे साहेबांचं म्हणणं पटलं. कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहून साहेब गेले.

संध्याकाळी आलोइस शिडी खांद्यावर टाकून आला. बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. नवी गार तारखेच्या चिठ्ठीसह फ्रीजरमध्ये गेली होती आणि दुसऱ्या गारपिटीचा अर्ज सकाळी द्यायचा होता. छपराला हात लावून चालणार नव्हतं.

तुम्हाला हसू आलं असेल. खुशाल हसा. पण त्याआधी कपाटातली ती प्लॅस्टिकची फाइल काढा आणि मिक्सरचं वॉरंटी कार्ड फाडून दाखवा. मिक्सर भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली.