आधी बूट, मग बटण

चहा पिता पिता मी ऑफिसात सहज बोलून गेलो, "कॉम्प्युटर? त्यात काय! मी घरीच बनवतोय." (तोवर मी घरी बनवलेली शेवटची वस्तू म्हणजे करपलेला उपमा.)

त्याचं असं झालं, की आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या सेक्शनमध्ये एकाच कारकुनाला जागा होती. उरलेल्यांची बदली ट्रॉम्बेच्या गोडाऊनला! मी राहतो चारकोपला. म्हणजे रोज निम्मी मुंबई ओलांडायची.

माझी बढाई साहेबांच्या कानावर गेली. "जयवंत, दसऱ्याला सोनं द्यायला तुमच्याकडेच येतो. मशीनही बघू."

झालं! वाट लागली.

मी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या नंदूला गाठलं. त्याने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून दिले. आमचे बाबा गिरणीतले फिटर. संपानंतर घरीच बसून होते. त्यांनी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जाऊन पत्रा वाकवला आणि कॉम्प्युटरला डबा केला. (वर कडीही बसवली. कुलूप लावता यावं म्हणून!) माझी बायको अनुपमा इंग्रजी पुस्तिका मोठ्याने वाचायची आणि मी स्क्रू पिळायचो.

"अहो, तो स्क्रू तिथला नाही."

"मग इथे भोक कशाला आहे?"

"ते तुम्हीच पाडलंत."

पण खरं सांगतो, मजा येत होती. कितीतरी दिवसांनी बाबा कामात शीळ घालत होते. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

दसऱ्यासाठी नंदू आदल्या दिवशीच गावी निघाला. जाताना त्याने माझ्या हातात एक बंद पाकीट आणि एक चिठ्ठी दिली. पाकिटावर लिहिलं होतं, 'बूट'. मी ते न उघडता चपलांच्या रॅकमध्ये ठेवून दिलं. चिठ्ठीत एकच ओळ होती: 'आधी बूट आत, मग बटण.'

मी चक्रावलो. ऑफिसात तर कॉम्प्युटरच्या एसी खोलीबाहेर बूट काढून ठेवावे लागतात. मग डोकं चालवलं. घरच्या मशीनचा शॉक बसत असणार, तेव्हा पायात रबरी तळ हवेत!

दसऱ्याला बाबांनी मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. साहेब आले आणि सवयीने दाराशीच बूट काढू लागले.

"साहेब, असू द्या! बूट घालूनच आत या."

"घरात?"

"टेक्निकल कारण आहे."

अनुपमालाही मी चपला घालायला लावल्या. स्वतः बुटांच्या नाड्या आवळल्या आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि गाडं तिथेच अडलं. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मला पडद्यावर ट्रॉम्बे दिसू लागलं.

अनुपमा वाकून पडद्यावरचं इंग्रजी वाचत म्हणाली, "अहो, बूट घाला म्हणतोय."

"घातलेत गं सगळ्यांनी!" एवढ्यात माझं लक्ष बाबांच्या पायांकडे गेलं. "बाबा, तुम्ही अनवाणी! तुमच्यामुळेच अडलंय!"

बाबा भडकले. "मेल्या, यंत्राची पूजा झाली हा, आणि थंय बूट घालून फिरतंस? लाज वाटणा नाय तुका?"

"अहो, बूट डिस्क म्हणतोय तो! मशीन सुरू करायची डिस्क!" असं म्हणत अनुपमा चपलांच्या रॅककडे धावली. पाकीट फाडून तिने त्यातली काळी चौकोनी फ्लॉपी मशीनच्या फटीत सरकवली. मशीन खरखरलं आणि पडद्यावर प्रश्न आला: आजची तारीख?

"दसरा!" मी पडद्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं.

अनुपमाने मला बाजूला सारलं आणि टकाटक तारीख टाइप केली. मशीन सुरू झालं!

"चालला रे!" बाबांनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

साहेब खूश झाले. "झकास! आपल्या कॉम्प्युटर सेक्शनला असंच माणूस हवं."

मी कमरेत वाकलो. "थँक यू, साहेब."

"तुम्ही नाही हो. तुमच्या मिसेस. टायपिंगची परीक्षा झालीय ना यांची?"

आता अनुपमा एसीत बसते. बाबांना नंदूकडून डब्यांची कामं मिळतात. मी ट्रॉम्बेहून धुळीने माखून घरी पोचतो, तेव्हा ती दोघं मशीनपाशी बसलेली असतात आणि मान वर न करता एका सुरात ओरडतात,

"बूट बाहेर!"