वजाबाकी न मानणारे सुर्वेकाका

सुर्वेकाकांना वजाबाकी मान्य नव्हती. बेरजेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण तेरातून आठ गेले तर किती, असं कुणी विचारलं की ते शांतपणे म्हणत, "आठ कुठेही जात नाहीत. आठावर उभं राहायचं आणि तेरापर्यंत चालायचं."

आणि ते खरंच चालायला लावत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सिंगापूरला, तोआ पायोह भागातल्या आमच्या इमारतीत, शेजारच्याच फ्लॅटमध्ये ते एकटे राहायचे. निम्मं आयुष्य जहाजावर चीफ इंजिनियर म्हणून गेलेलं, आता किनाऱ्यावरच्या ऑफिसात नोकरी. संध्याकाळी ते कॉरिडॉरमध्ये खडूने वीसपर्यंत आकडे लिहीत आणि माझ्या सात वर्षांच्या नेहाला आठावर उभं करत. दोन पावलं, दहा. "दहावर दम खायचा. इंजिनालासुद्धा देतात." मग तीन पावलं, तेरा. दोन आणि तीन, पाच.

मीही एकदा चालून पाहिलं. मी कंप्युटरवाला माणूस. टेबलाखाली बोटं मोजतो, हे ऑफिसात अजून कुणाला ठाऊक नाही. काका म्हणाले, "पेंडसे, दहावर थांबला नाहीत." मी मागे गेलो आणि थांबून आलो.

मग शाळेत तोंडी गणितांची परीक्षा झाली. बाईंनी पंधरातून सात विचारल्यावर नेहा उठली आणि वर्गात चालू लागली. उत्तर कचऱ्याच्या डब्यापाशी सापडलं, बरोबरही आलं. तरी घरी चिठ्ठी आली: मुलीला शाळेचीच पद्धत शिकवावी. म्हणजे पंधराचे दहा आणि पाच करायचे, दहातून सात काढायचे, उरलेले तीन पाचात मिळवायचे.

"तुम्हीच सांगा काकांना," बायको म्हणाली. अप्रिय गोष्टी सांगायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "शाळा म्हणते तेच बरोबर," म्हणाले, आणि बादली आणून सगळे आकडे धुऊन काढले. मग बादलीकडे बघत म्हणाले, "म्हणजे ती आता यायची नाही." ती उचलत म्हणाले, "आमचा पोरगा एवढा होता तेव्हा मी समुद्रावर. त्याला हे सगळं कुणी शिकवलं, मी कधी विचारलंच नाही."

अशा वेळी आपण बोलू नये, हे मला कळतं. तरी मी बोलतो. "मग तुम्हीच नेहाकडून शाळेची पद्धत शिकून घ्या की."

दुसऱ्या दिवसापासून नेहा वही घेऊन त्यांच्याकडे शिकवायला जाऊ लागली. तीन आठवडे झाले.

"अजून जमत नाही त्यांना?" मी विचारलं.

"अंकल व्हेरी स्लो, लाह," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "उद्या परत जायला लागेल."

तिने तपासायला घरी आणलेली काकांची वही मी उघडली. सुबक अक्षरात वीस गणितं, वीसही चूक, आणि प्रत्येकावर नेहाची लाल फुली. प्रत्येक उत्तर नेमकं एकाने कमी होतं.

मी वही मिटून तिच्या दप्तरात ठेवली.

"जा," मी म्हटलं. "त्यांना पक्कं येईपर्यंत सोडू नकोस."