बाकी कुणाचं ऐकू नये

हातनोलीत ज्याच्या दारावर टेक्स्ट रेकॉर्ड नीट लावलेलं नाही, त्याचं बोलणं समोरच्याला ऐकू येत नाही. इंटरनेटवरच्या डोमेनला जसा छोटासा मजकूर जोडलेला असतो, या नावाने कोण बोलू शकतं ते सांगणारा, तसा इथे घरांना असतो. मजकुरात नाव नसेल तर शब्द ऐकणाऱ्याच्या दाराशी ठेवलेल्या ‘संशयित’ टोपलीत पडतात. टोपल्या न्यायला दर सोमवारी नगरपालिकेची गाडी येते.

खरमाट्यांच्या दारावर अप्पांनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘या घराच्या वतीने अप्पा बोलतील. बाकी कुणाचं ऐकू नये.’ दुसरं वाक्य ऐच्छिक असतं. अप्पांचा त्याच्यावर फार जीव. त्यामुळे त्यांची मुलगी इंदुमती बावन्न वर्षांची झाली, तरी तिचं बोलणं गावात अप्पांच्या तोंडूनच पोचायचं. महिन्यापूर्वी अप्पा गेले, आणि ती बोट दाखवून भाजी घेऊ लागली.

मंगळवारी गिरणीवाले दिगंबर वाळिंबे दळणाचा डबा तिच्या हातात देत म्हणाले, “इंदुमतीबाई, आपण लग्न करू या का? नाही म्हणालात तर रविवारी पाचच्या गाडीने कायमचा निपाणीला जातो. काहीच म्हणाला नाहीत तरी जातो.”

“हो,” इंदुमती लगेच म्हणाली.

हो टोपलीत पडला. वाळिंबे कानाला हात लावून उभेच. तिने जोरजोरात मान हलवली, पण हातनोलीत तो मानेचा व्यायाम समजतात. चिठ्ठीसुद्धा आधी दारावर पडताळली जाते.

बिचारी नगरपालिकेत गेली. तिथल्या उखळकरबाईंना कार्यालयीन वेळेत सगळ्यांचं ऐकू येतं, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे.

“बोलणार कोण?”

“मी.”

“बाकीच्यांचं ऐकायचं की नाही?”

“ज्याला त्याला वाटेल तसं.”

“बरं. गावभर पोचायला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत लागतात. कुणाला आधी, कुणाला नंतर. घाई करू नका.”

शुक्रवारी सकाळी तिने नवं रेकॉर्ड अप्पांच्या खाली चिकटवलं. रविवार उजाडला, तरी दूधवाल्याला तिचं “अर्धा लिटर” ऐकू आलं नाही. दूधवाल्याने कळवल्यावर उखळकरबाई सुट्टी असूनही हजेरीवर सही करून, म्हणजे कार्यालयीन वेळ सुरू करून, चपला घालून आल्या.

“अहो, दोन लावलीत! असं रेकॉर्ड एका घराला एकच. दोन दिसली की गाव दोन्ही सोडून देतं.”

“पण अप्पांचं अक्षर आहे ते. कसं खरवडू?” इंदुमतीला रडू फुटलं.

“कोण बोलणार ते काढा. बाकी मजकूर कितीही ठेवा.”

तिने उलथणं आणलं. सगळं वाक्य खरवडलं, फक्त ‘अप्पा’ एवढंच राहू दिलं.

“नुसता मजकूर,” उखळकरबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. “चालेल.”

मग इंदुमतीने ओसरीत बसून हो म्हणायला सुरुवात केली. दहा वाजता पहिला हो वेशीपलीकडच्या सोनाराला ऐकू आला. बाराला बँडवाल्यांना आला, ते तडक वाजवतच निघाले. तीनपर्यंत पेढे संपले. फक्त वाळिंब्यांना काही ऐकू येईना. ते ट्रंक घेऊन गाडीत बसले.

“वाळिंबे, हो म्हणतायत त्या!” कंडक्टर ओरडला.

“मला अजून आलेलं नाही,” वाळिंबे म्हणाले. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे तो.

ड्रायव्हरलाही दोनदा ऐकू आलं होतं. त्याने इंजिन बंद केलं आणि सगळी गाडी वाळिंब्यांच्या कानाकडे बघत बसली. पाच वाजून वीस मिनिटांनी सकाळपासूनचे सगळे हो एकदम आले. वाळिंब्यांनी एकशे त्र्याऐंशीही शांतपणे ऐकून घेतले, मग ट्रंक घेऊन उतरले आणि धावत सुटले. बँड त्यांच्या मागे.

“इंदुमतीबाई, एकदा म्हणाला असतात तरी चाललं असतं!”

“म्हणाले होते,” ती म्हणाली. “मंगळवारी.”

सोमवारी गाडी आली तेव्हा वाळिंब्यांनी ती थांबवली आणि गिरणीच्या टोपलीत हात घातला. मंगळवारचा हो तळाशी होता. त्यावर थोडं पीठ बसलं होतं, तेवढं त्यांनी फुंकून काढलं.