विरजणाची अट

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात वानखेडे सरांकडे विरजण मागायला गेलात, तर चमचाभर विरजणाबरोबर एक अटही मिळायची. "दही लावा, खा, कढी करा. पण ज्याले दही द्यान, त्यानं विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही. अन् ही अट बी त्याले सांगायची." शेजारच्या काकू म्हणायच्या, "भाऊजी, हे दही आहे का कोर्टाचा कागद?"

सर आम्हाला कॉम्प्युटर शिकवत. त्यांनी टायपिंगच्या सरावाचा एक प्रोग्राम लिहिला होता. तेव्हा असे प्रोग्राम सीडीवरूनच फिरायचे. सर कोणालाही सीडी देत, अट तीच. बदल करा, हवं तर विका, पण ज्याला द्याल त्याला आतला कोडही, म्हणजे प्रोग्राम ज्यात बदलता येतो त्या मूळ ओळीही द्या, याच अटीवर.

आमचे दुसरे सर, बिसेन, स्वतःचे प्रोग्राम बिनशर्त वाटत. ते चिडवायचे, "दिलं ते दिलं, वानखेडेजी! घेणारा कुलूप लावो, नाहीतर काही करो. पोरगी सासरी गेल्यावर रोज फोन करता का?"

"फोन नाही करत. पण तिले कोंडून बी ठेवू देत नाही."

मी भरवेलीच्या खाणकामगाराचा मुलगा, घरातून पहिलाच कॉलेजात गेलेला. सरांच्या प्रोग्राममध्ये मी चुका मोजणारा भाग घातला. आमच्या कॉलनीतल्या टायपिंग क्लासला तो हवा होता. मी कोड काढून टाकून सीडी बनवली. काही बिघडलं तर त्यांनी मलाच बोलवावं, एवढंच मनात होतं. आमच्या घरी आजवर कोणी काही विचारायला आलं नव्हतं.

पण सीडी घेऊन निघालो आणि पाय सरांच्या घराकडेच वळले. अडखळत सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडतील.

सरांनी प्रोग्रामची फाईल उघडली. वर सात नावं होती. बदल करणाऱ्याने तिथे नाव लिहायचं, हा त्यांचा रिवाज. ते एकेका नावावर बोट ठेवू लागले. "हा बैहरले मास्तर आहे. हा पुण्यात. अन् ह्यानं रंग बदलवला. भयंकर दिसते, पण राहू दे." मग माझ्याकडे वळले. "चिठ्ठी कोणी लिहत नाही, बेटा. पण फिरत फिरत सीडी येते, अन् वर एक नाव वाढलं असते. तू कुलूप लावलं, तर तू काय केलं ते मले कसं समजन?"

खोलीत खुर्ची एकच होती. ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी आठवं नाव लिहिलं आणि सीडी पुन्हा बनवली, कोडासकट.

निघताना त्यांनी आईसाठी विरजणाची वाटी हातात दिली. अट मला पाठ होती.

"हौ सर, सांगतो आईले."

"ते तर सांगशीनच. पण वाटी तूच परत आणून दे."

ही अट मात्र नवीन होती.